आधी घराचे दार, मग दवाखान्याचे

"पोरगं दहावीला गेलं, पण बहिणीची ओढणी घेऊन आरशासमोर उभं राहते. कोणत्या डॉक्टरला दाखवावं?"

हा प्रश्न बीबीसारख्या गावात मोठ्या आवाजात कोणी विचारत नाही. महिला मंडळाची बैठक संपल्यावर, चपला घालता घालता, आशाताईला बाजूला घेऊन विचारला जातो. उत्तर मिळाले नाही की मग भगत शोधला जातो, नाहीतर घाईघाईने सोयरीक जुळवली जाते. मार तर ठरलेलाच. आणि एके दिवशी ते पोरगं पहाटेच्या एसटीने निघून जाते. घरचे लोक शेजाऱ्यांना सांगतात, पुण्याला कंपनीत कामाला लागलं.

आरोग्याच्या पानावर यावेळी हा विषय घेतला तो याच कारणाने. तृतीयपंथी लोकांच्या हक्कांबद्दल वर्तमानपत्रांत छापून येते, पण ते मुंबई-दिल्लीचे वाटते. खरे तर ही माणसे आपल्याच घरांतून जातात. आणि घर सुटल्यावर त्यांच्या प्रकृतीची जी दशा होते, तिची सुरुवात कोणत्या जंतूने होत नाही. ती उंबरठ्यावर होते.

आधी डॉक्टरच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकू. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांची नवी यादी मंजूर केली, ती २०२२ पासून लागू आहे. या यादीत तृतीयपंथी असणे मानसिक विकारांमधून काढून टाकले आहे. जन्माच्या वेळी दाईने किंवा नर्सने "मुलगा" सांगितले, पण मोठे होताना मन ठामपणे "मी मुलगी" म्हणते, किंवा याच्या उलट होते. एवढीच ही गोष्ट आहे. वळण लावून, औषधाने, शॉक देऊन किंवा लग्न करून हे बदलत नाही. "बदलून देतो" म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले आहे. भगताला तर कोणता आयोगच विचारत नाही, त्याला आपणच विचारायचे.

असल्या गोष्टी छापाव्यात का, असेही काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना एका जुन्या खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवत. त्यात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली मुंबईच्या कोर्टात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. शंकांमध्ये समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न होते. लोक विचारतात तर ज्ञानाने उत्तर द्यावे, त्याला विकृती म्हणून दडपू नये, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी बाबासाहेब ज्या विषयावर कोर्टात उभे राहिले, त्यावर आपण आपल्या घरात बोलायला लाजतो, हे काही बरे नाही.

घर सोडलेले पोरगं जाते कुठे? बहुतेक वेळा एखाद्या गुरूकडे. गुरू चेला करून घेतो, नाव देतो, राहायला जागा देतो. आजारी पडले तर उशाशी बसायला तेच लोक असतात. ज्यांना आईबापांनी दार लावले, त्यांना या डेऱ्याने दार उघडले, हे विसरून त्यांची टिंगल करू नये. पण त्या घरात कमाईचे मार्ग दोन-तीनच असतात. बधाई मागायची, बाजारात आणि गाड्यांत टाळी वाजवून मंगती करायची, नाहीतर देहविक्रय करायचा. भीक मागणे हा महाराष्ट्रात १९५९ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे पोट भरतानाही पोलिसांची भीती. आपल्यातल्या भटक्या-विमुक्तांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. १८७१ च्या ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्याच कायद्यात हिजड्यांची नोंद ठेवण्याचेही कलम होते.

अशा जगण्यातून आजार येतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत तृतीयपंथी लोकांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण शंभरात सुमारे ३ निघाले. सर्वसाधारण लोकसंख्येत ते हजारात २ च्या आसपास होते. एवढा फरक शरीराच्या ठेवणीने पडत नाही. ज्या बाईला आजची रात्र कुठे काढायची हे माहीत नाही, ती गिऱ्हाइकाला निरोध वापरायला लावू शकत नाही. दवाखान्यात गेली तर केसपेपरच्या खिडकीवर "बाई की माणूस" म्हणून हसतात, मग ती ताप अंगावर काढते. बायकांच्या रांगेत बायका सरकतात, पुरुषांच्या रांगेत पुरुष हात लावतात. शेवटी ती मेडिकलवरून गोळी घेते आणि निघून जाते.

मुंबईत गौरी सावंत यांनी कामाला सुरुवात केली ती नेमकी इथून. त्या मूळच्या पुण्याच्या, वडील पोलीस खात्यात. घर सोडून त्या मुंबईला आल्या. २००० साली 'सखी चार चौघी' ही संस्था उभी राहिली. मालाडच्या मालवणी भागात तृतीयपंथीयांना निरोध पुरवणे, तपासणीला नेणे, समुपदेशन करणे हे तिचे काम. आज त्यांचे नाव जाहिरातीमुळे आणि 'ताली' या मालिकेमुळे घरोघर झाले आहे. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की निरोध वाटणारी बाई तेवढ्यावर थांबली नाही. देहविक्रय करणाऱ्या एका बाईचा एचआयव्हीने मृत्यू झाला, तिच्या मागे राहिलेल्या लहान मुलीला गौरीताईंनी आपल्या घरी आणून वाढवले. स्वतःच्या घराला मुकलेल्या बाईने दुसऱ्याच्या लेकराला घर दिले. कायद्याच्या नजरेत मात्र त्या आई होऊ शकत नव्हत्या. तेव्हा दत्तक घेण्याच्या हक्कासाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. पुढे अशा बायकांच्या मुलांसाठी त्यांनी 'नानी का घर' सुरू करायला घेतले. २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना महाराष्ट्रात मतदार जागृतीचे दूत नेमले. ज्यांना कित्येक वर्षे मतदार यादीत "स्त्री" आणि "पुरुष" यांच्यामध्ये जागाच नव्हती, त्यांच्यातली एक व्यक्ती लोकांना मतदानाला बोलावू लागली.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा 'नालसा' निकाल आला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी सांगितले की संविधानाने दिलेले समतेचे, स्वातंत्र्याचे आणि जीविताचे हक्क तृतीयपंथीयांनाही तेवढेच आहेत. आपण कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी आधी ऑपरेशन करा अशी सक्ती करता येणार नाही. ज्या १४, १५, १६, १९ आणि २१ या कलमांवर आपण जयंतीच्या भाषणात बोलतो, तीच कलमे या निकालाच्या पायाशी आहेत.

निकाल दिल्लीत लागला, पण त्याची खरी परीक्षा गावात झाली, आणि तीही आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. जळगावजवळ भादली बुद्रुक नावाचे गाव आहे. तिथल्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. छाननीत अर्ज बाद झाला, कारण त्या तृतीयपंथी. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला की त्या स्वतःला स्त्री मानतात आणि त्यांना महिला गटातून लढता येईल. १५ जानेवारीला मतदान झाले, १८ तारखेला मोजणी झाली आणि अंजली पाटील निवडून आल्या.

कोर्टाने फक्त अर्ज स्वीकारायला लावला होता. मते गावाने दिली. त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावानेही 'माऊली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच केले होते. "आमचं गाव अजून तयार नाही" असे म्हणणाऱ्यांनी या दोन गावांची नावे लक्षात ठेवावीत. तरंगफळ काही शहर नाही, माळशिरस तालुक्यातले खेडे आहे.

मत मिळाले, पण भाकरीचे काय? पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक, ग्रीन मार्शल पथक आणि उद्यानाच्या कामावर घेतले. कालपर्यंत सिग्नलवर टाळी वाजवणारा हात उद्यानाच्या कामाला लागला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर राज्य सरकारला पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना करावा लागला. हे मोठे पाऊल होते. पण नुसत्या नोकरीने भागत नाही, हे केरळात दिसून आले. २०१७ मध्ये कोची मेट्रोने वीसहून जास्त तृतीयपंथी व्यक्तींना कामावर घेतले. देशभर कौतुक झाले. थोड्याच दिवसांत त्यातल्या काहींनी काम सोडले, कारण त्यांना कोणी भाड्याने खोली देईना. लॉजचे रोजचे भाडे पगारात बसत नव्हते. काम मिळाले तरी राहायला दार नाही, म्हणजे पुन्हा रस्ता. खोली नाकारली गेल्याचा अनुभव आपल्यालाही आहे. आडनाव ऐकून "जागा दिली गेली" असे सांगणारे घरमालक आपण पाहिले आहेत. मग आपल्या वस्तीतली खोली अशा व्यक्तीला नाकारताना आपली जीभ कशी रेटते?

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४,८७,८०३ लोकांची नोंद स्त्री-पुरुष सोडून "इतर" अशी झाली. त्यातले ४०,८९१ महाराष्ट्रातले. लाजेकाजेने कितीतरी घरांनी खरे सांगितलेच नसेल, तेव्हा प्रत्यक्षात संख्या जास्तच असणार. यातले ७८,८११ लोक अनुसूचित जातींचे होते, म्हणजे सहा जणांमागे जवळपास एक. साक्षरता ५६ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी खाली. वर्गात बाकावर कोणी शेजारी बसू देत नाही आणि मास्तरही हसतात, तिथे पोरगं टिकेल कसे?

इथेच एक पेच आहे आणि तो आपल्या घरांना थेट लागतो. २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे असे म्हटले आहे. ते ओबीसीच्या रांगेत दिले तर बौद्ध घरातल्या तृतीयपंथी मुलीने काय करायचे? जातीचा दाखला बाजूला ठेवायचा का? जातीचा चटका तर तिला दुप्पट बसलेला असतो, बाहेर जातीचा आणि जातीच्या आत लिंगाचा. म्हणून तमिळनाडूच्या दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या ग्रेस बानू आणि इतर अनेक जण समांतर आरक्षण मागतात. महिलांना जसे प्रत्येक प्रवर्गाच्या आत आरक्षण आहे, तसेच हे. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का असे आरक्षण सुरू केले. आमचे मत स्पष्ट आहे. ही मागणी आपल्या आरक्षणावर घाला नाही, ती आपल्याच लेकरांसाठी आहे.

हा विचार आंबेडकरी चळवळीत आता ऐकू येतो आहे. श्रीरामपूरच्या कवयित्री दिशा पिंकी शेख भटक्या समाजातून आलेल्या. 'कुरूप' हा त्यांचा कवितासंग्रह. २०१९ मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. मंगती करून पोट भरलेली बाई टीव्हीवर बसून जात, धर्म आणि लिंग यांच्यावर सडेतोड बोलते, हे आपल्या पोरांनी पाहिले. फैजपूरच्या शमिभा पाटील यांना त्याच आघाडीने २०२४ च्या विधानसभेला रावेरची उमेदवारी दिली. रावेर आपल्याला लांब नाही, आपल्या जिल्ह्यातले मलकापूर लोकसभेला रावेर मतदारसंघातच येते. कोणाला कोणता पक्ष पटतो हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण या बायका मागतात ती दया नाही, वाटा मागतात, हे बाबासाहेबांच्या लोकांना तरी समजावून सांगायची गरज पडू नये.

आता थोडे घरातले बोलू. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, मिसरूड येते, किंवा छाती भरते आणि पाळी येते. इतर पोरांना त्याचे कौतुक असते. अशा पोराला मात्र स्वतःच्या अंगाचीच भीती वाटू लागते. ते गप्प होते, जेवत नाही, शाळा बुडवते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार याच वयात येतात. तेव्हा आईबापाने "तू आमचंच आहेस" एवढे म्हटले तरी पुष्कळ औषध झाले. मुलींची गोष्ट तर आणखी झाकलेली. जी मुलगी स्वतःला मुलगा मानते, तिला बाजारात कोणी पाहत नाही, कारण तिचे लग्न लावून दिलेले असते. त्या संसारात तिच्यावर रोज जबरदस्ती होते आणि आपण त्याला "नांदते आहे" म्हणतो. काही जण छाती दिसू नये म्हणून पट्टी करकचून बांधतात. झोपताना पट्टी बांधू नये आणि दम लागला, बरगडी दुखली तर ताबडतोब सोडावी.

दुसरा धोका गोळ्यांचा. अंगाला बाईपण यावे म्हणून कितीतरी जणी मेडिकलवरून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणतात आणि एकीच्या जागी चार-पाच घेतात. त्याने रक्तात गाठ होऊ शकते, विशेषतः तंबाखू-बिडी असेल तर. एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, किंवा एकदम धाप लागून छातीत कळ आली, तर गोळ्या बंद करून त्याच तासाला सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरला गोळ्यांचे खरे सांगावे. हार्मोनचे उपचार असतात, पण ते रक्त तपासून, डॉक्टरच्या नजरेखाली. ऑपरेशनचेही तसेच. आडबाजूला कोणाकडून तरी "निर्वाण" करून घेतल्याने रक्तस्राव होऊन जीव गेलेले आहेत. जे वाचले, त्यांना लघवीची वाट आक्रसल्याचा त्रास जन्मभर पुरतो. हे काम मोठ्या रुग्णालयातच व्हावे. २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतखाली तृतीयपंथीयांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा करार केला, त्यात हे ऑपरेशन आणि हार्मोनही धरले आहेत. सोय देणारी रुग्णालये थोडी आहेत, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करावी.

एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात फुकट होते आणि नाव गुप्त राहते. औषधेही २००४ पासून सरकारकडून फुकट मिळतात. रोज वेळेवर घेतली तर माणूस इतरांसारखेच आयुष्य जगतो. लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये.

कागदांचे काम घरच्यांनी मनावर घेतले तरच होते. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात लैंगिक अत्याचाराला ठेवलेली शिक्षा बाईवरच्या अत्याचाराच्या शिक्षेपेक्षा फार हलकी आहे, म्हणून कार्यकर्त्यांनी त्याच्यावर टीका केली, आणि ती रास्त आहे. पण या कायद्याने एक गोष्ट घरासाठी सांगितली, की तृतीयपंथी आहे म्हणून लेकराला आईबापापासून तोडता येणार नाही आणि घरात राहण्याचा त्याचा हक्क आहे. घरातून किंवा गावातून हाकलणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद केली.

ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरता येतो. ते हातात आले की नववीपासून पुढच्या शिष्यवृत्तीची, प्रशिक्षणाची आणि उपचाराच्या योजनेची वाट मोकळी होते. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्जाआधी बुलढाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात आजचा नियम विचारून घ्यावा. बीबीहून बुलढाण्याला जाऊन येणे म्हणजे एक अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी. एकट्या पोराला तो हेलपाटा नको. आईने, मोठ्या भावाने किंवा विहारातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने सोबत जावे.

पोरगं घर सोडून गेलेलेच असेल तर रागाच्या भरात त्याची शाळेची टीसी, आधार आणि जातीचा दाखला चुलीत घालू नका. नाव बदलले तरी जुन्या टीसीवरूनच पुढचे कागद जुळतात आणि वडिलांकडच्या पुराव्याशिवाय जातीचा दाखला मिळवणे फार अवघड जाते. ते कागद पिशवीत घालून नीट ठेवा आणि ठेवले आहेत हे त्याच्यापर्यंत कळवा. त्या निमित्ताने एक फोन होईल.

एचआयव्हीबद्दल कोणतीही शंका १०९७ या क्रमांकावर विचारता येते. मन खचले असेल, जिवाचे वाईट विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावावा. घरातून काढले, मारहाण केली किंवा प्रमाणपत्र अडवले तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.